फिल्टर नेमका कुठे बसलाय?

प्रश्न : व्हिडिओ कॉलवर सहज अंगठा दाखवला की माझ्या डोक्याशेजारी अंगठ्याचा फुगा उगवतो. एकदा ऑफिसच्या बैठकीत मागे चक्क फटाके उडाले. व्हॉट्सअ‍ॅपमधले सगळे फिल्टर बंद करून पाहिले, उपयोग नाही.

उत्तर : उपयोग होणारही नाही, कारण हा उद्योग व्हॉट्सअ‍ॅपचा नाहीच. तुमच्याकडे आयफोन असणार. २०२३ मध्ये आलेल्या आयओएस १७ या आयफोनच्या प्रणालीपासून अ‍ॅपलने ही सोय थेट कॅमेऱ्याला जोडली आहे. आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनवर ती चालते, आणि कुणी बंद करेपर्यंत चालूच असते. एक अंगठा वर केला की फुगा, दोन्ही अंगठे वर केले की फटाके, दोन्ही खाली केले की पाऊस. एका हाताने दोन बोटांचा ‘व्ही’ दाखवला तर रंगीत फुगे सुटतात. हात चेहऱ्यापासून थोडा बाजूला आणि क्षणभर स्थिर राहिला की कॅमेरा ती खूण धरतो. हातवारे करत बोलणाऱ्यांची म्हणूनच पंचाईत होते.

बंद करायचं ते कॉल चालू असतानाच. वरच्या उजव्या कोपऱ्यातून बोट खाली ओढून कंट्रोल सेंटर उघडा, ‘व्हिडिओ इफेक्ट्स’वर टॅप करा आणि ‘रिअ‍ॅक्शन्स’ बंद करा. नव्या आवृत्त्यांमध्ये कंट्रोल सेंटरच्या वरच्या बाजूला चालू अ‍ॅपचे पर्याय दिसतात, तिथे शोधा. कॅमेरा चालू नसताना हा पर्याय दिसतच नाही. बहुतेक जण फसतात ते इथेच.

फिल्टरची कुठलीही तक्रार असो, आधी तो बसलाय कुठे ते पाहावं. जागा तीनच : फोनचा कॅमेरा, अ‍ॅप, नाहीतर पाठवलेली फाइल. दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपवरून व्हिडिओ कॉल लावून बघा. तिथेही तेच दिसलं तर दोष फोनकडे. अनेक अँड्रॉइड फोनमधला ‘ब्यूटी’ मोडही असाच कॅमेऱ्यात दडलेला असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधल्या एका न्यायालयाच्या झूम सुनावणीत वकीलसाहेब मांजराच्या रूपात हजर झाले होते, आठवत असेल. तो फिल्टरही झूमचा नव्हता, जुन्या लॅपटॉपच्या कॅमेरा सॉफ्टवेअरचा होता. झूममध्ये शोधून तो सापडलाच नसता.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर बॅकग्राउंड बदललं की माझे कान आणि केस मधूनच गायब होतात. फोनही तापतो. काही उपाय?

उत्तर : ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, तेव्हा दहा फिल्टर आणि दहा बॅकग्राउंड होती. कॉलमध्ये स्वतःची छोटी चौकट मोठी केली की इफेक्ट्सचं चिन्ह दिसतं.

कान का जातात ते आधी समजून घ्या. फोन प्रत्येक चित्रात ‘हा माणूस, ही भिंत’ अशी सीमारेषा आखतो, आणि सेकंदाला तीस चित्रं धरली तर एका चित्रासाठी त्याच्या हातात जेमतेम ३३ मिलिसेकंद असतात. काळे केस आणि मागे काळपट पडदा असेल तर ही रेषा चुकणारच. म्हणून उजेड समोरून हवा. खिडकीकडे पाठ करून बसलात की चेहरा काळवंडतो आणि कडा विरघळतात. खिडकीकडे तोंड करा, भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे सरका, केसांच्या किंवा कपड्यांच्या रंगाचं काही मागे ठेवू नका. उंच पाठीची खुर्ची तर हमखास घोटाळा करते, कारण फोन कधी तिला तुमच्यात धरतो, कधी भिंतीत.

चित्रासकट बॅकग्राउंडऐवजी नुसता ब्लर, म्हणजे मागचं धूसर करणारा पर्याय, लावा. चूक तितकीच होते, पण डोळ्याला बोचत नाही. समुद्रकिनाऱ्यापुढे अर्धा कान फार उठून दिसतो.

तापण्याचं कारणही हेच गणित. चार्जिंगला लावून, जाड कव्हरसकट तासभर इफेक्ट चालवला तर फोन स्वतःहून वेग कमी करतो आणि चित्र अडखळू लागतं. चार्जर काढा, कव्हर काढा. खोलीत अंधार असेल तर वरच्या कोपऱ्यातल्या बल्बच्या चिन्हावर टॅप केल्यास कमी उजेडाचा मोड लागतो. तो पुढच्या कॉलला आपोआप राहत नाही, दर वेळी लावावा लागतो.

प्रश्न : इन्स्टाग्रामवरचा माझा आवडता इफेक्ट दिसेनासा झालाय. अ‍ॅप पुन्हा टाकून पाहिलं.

उत्तर : पुन्हा टाकून येणार नाही. बाहेरच्या कलाकारांना इफेक्ट बनवता यावेत म्हणून इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने दिलेलं ‘स्पार्क’ हे व्यासपीठ १४ जानेवारी २०२५ ला बंद झालं. त्यांनी बनवलेले इफेक्ट त्याबरोबर इन्स्टाग्राम, फेसबुक आणि मेसेंजरवरून गेले. कंपनीचे स्वतःचे तेवढे राहिले. जुन्या नावाचा इफेक्ट देतो म्हणणारी अनोळखी अ‍ॅप घेऊ नका.

प्रश्न : जुन्या फिल्मसारखा दाणेदार फिल्टर लावलेला फोटो माझ्या फोनवर छान दिसतो. पाठवला की चिखल होतो. का?

उत्तर : कारण तुम्ही लावलेले दाणेच अ‍ॅप आधी फेकून देतं. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० गुणिले ३०००. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या दर्जात तो लांब बाजूला सुमारे १६०० पिक्सेलवर आणतं, म्हणजे एकूण पिक्सेल उरतात मूळच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. त्यानंतर फोटो साठवण्याची जेपेग पद्धत चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि त्यांतला बारीक तपशील कमी करून जागा वाचवते. फिल्मचे दाणे म्हणजे नुसता बारीक तपशीलच! त्यांच्या जागी चौकोनी डाग उरतात. गुळगुळीत आकाश किंवा गालावर बोटांनी चित्र मोठं करून बघा, चौकोन मोजता येतील.

त्यात फोटो एका अ‍ॅपमध्ये सजवायचा, सेव्ह करायचा, दुसऱ्यात उघडून स्टिकर लावायचा, स्टेटसला टाकायचा, तिथून स्क्रीनशॉट घेऊन ग्रुपवर, असा प्रवास घडला की जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर दर्जा घसरतो.

तेव्हा मूळ फोटोवर गॅलरीतच एकदा काय ते संपादन करा आणि तिथून एकदाच पाठवा. पाठवण्याआधी वरच्या ‘एचडी’वर टॅप करा. दाणे हवेतच असतील तर ते अर्ध्यावर ठेवा किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडा. तशी २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. टेलिग्रामवर हेच काम ‘फाइल’ म्हणून पाठवल्याने होतं. मात्र जशीच्या तशी म्हणजे फोटोत नोंदलेलं ठिकाण आणि वेळही सोबत गेली. घरात काढलेला फोटो अनोळखी माणसाला असा पाठवू नये.

प्रश्न : आलेल्या फोटोवरचा फिल्टर काढता येतो का?

उत्तर : नाही. रंग बदलूनच तो फोटो तयार झालेला असतो, खाली मूळ चित्र नसतं. पाठवणाऱ्याकडे मूळ मागा. फोटो तुमचाच असेल आणि गॅलरीत संपादित केला असेल, तर आयफोनच्या फोटोजमध्ये किंवा गूगल फोटोजमध्ये मूळ रूपात परत नेता येतो.

प्रश्न : स्क्रीनशॉटमधला खाते क्रमांक मोझेक फिल्टरने (चौकोनी ठिपके करून धूसर करणाऱ्या) झाकला तर पुरे ना?

उत्तर : पुरे नाही. आकडे दहाच आणि त्यांचं वळण ठरलेलं. दहाही आकडे तशाच पद्धतीने धूसर करून तुमच्या चौकोनांशी ताडून पाहिले की क्रमांक बाहेर येऊ शकतो. हायलाइटरसारखं पारदर्शक पेन तर त्याहून वाईट : उजेड आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की खालचे आकडे वर येतात. पूर्ण अपारदर्शक काळा चौकोन टाका, नाहीतर तेवढा भाग क्रॉपच करा. गर्दीतले चेहरे झाकायला सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपमधला ब्लर ठीक आहे. २०२० पासून तो आहे आणि चेहरे शोधण्याचं काम फोनवरच होतं.

क्रॉपच्या बाबतीतही एक अडचण झाली होती. गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या स्क्रीनशॉट कापण्याच्या साधनाने कापलेला भाग काही वेळा फाइलच्या शेपटीत तसाच राहत होता. मार्च २०२३ च्या अपडेटने ते थांबलं, पण त्याआधी गेलेल्या फाइली गेल्याच. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं तर अ‍ॅप चित्र नव्याने बनवतं, ते शेपूट पुढे जात नाही. तेव्हा दाणेदार फोटोसाठी सांगितलेली डॉक्युमेंटची युक्ती झाकलेल्या स्क्रीनशॉटला वापरू नका.