सिंधुदुर्गात काजूचे छोटे कारखाने सुरू होतात, पण वाढत का नाहीत?

मशीनपेक्षा खेळतं भांडवल नडतं. बी बाजारात येते मार्च ते मे, कारखाना चालवायचा वर्षभर. रोज १०० किलो फोडायची तर २५० दिवसांना २५ टन लागते. किलोला १२० रुपये धरा, म्हणजे ३० लाख नुसते बीमध्ये अडकले! सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतलं अनुदान प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख. पण त्याचा भर मशीन-शेडवर. मग पैशाअभावी बी कमी घेतली जाते, दिवाळीआधीच संपते, कामगार घरी आणि हप्ता चालू. म्हणून मशीन-शेडच्या मुदत कर्जासोबतच कॅश क्रेडिट, म्हणजे बी खरेदीसाठी लागेल तसं काढता-भरता येणारं कर्ज, मागा.

दुसरा अडसर जागेचा सातबारा. आजोबांपासूनची पंधरा नावं, निम्मी मुंबईत. सह्या गोळा होईपर्यंत हंगाम जातो. त्यापेक्षा नोंदणीकृत भाडेकराराची जागा बरी.

बी घेताना स्वस्त दराला भुलू नका. ओली बी तशीच पोत्यात भरली की पावसाळ्यात बुरशी धरते, गर काळा पडतो. दोन-तीन उन्हं दाखवा, ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास आला की मगच गोदामात, तीही लाकडी फळ्यांवर. चार किलो बीला साधारण किलोभर गर पडतो. त्यात तुकडा वाढला की भाव घसरलाच.