शिक्षा भोगून आला, पण सुधारला का?

तुरुंगातून सुटलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न हाच असतो. पाठोपाठ दुसरा येतो, "आता कडक वागू की मायेनं?"

भांडुपचं एक कुटुंब आलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलगा पंचविशीतला. मालकाच्या दुकानातून मोबाइल चोरले, शिक्षा झाली. त्याआधी घरातलेही पैसे उचललेले. वडील माझ्याशी बोलायचे, मुलाकडे बघायचे नाहीत.

"ह्याला अजून दोन वर्षं आत ठेवायला हवं होतं, मॅडम. मग आली असती अक्कल."

"तो आत दिवसभर काय करायचा, विचारलंत कधी काका?"

विचारलं नव्हतं. मुलानंच सांगितलं. आर्थर रोडला कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा असलेला कैदी, असताना काहीच काम नाही. दाटीवाटीत झोपायचं आणि पुढच्या तारखेची वाट बघायची. शिक्षा लागल्यावर येरवड्याला सुतारकामात घातलं, तेव्हा कुठे हाताला काम मिळालं. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन जण असे तारखेचीच वाट बघत असतात. 2022 च्या सरकारी आकडेवारीत हे प्रमाण 75 टक्क्यांच्या वर आहे. नुसते दिवस वाढवून अक्कल येणार कुठून?

वडील रोज रात्री कपाटाला कुलूप लावून चावी उशाखाली घेऊन झोपतात, हे एकदा आईच्या बोलण्यात आलं. मुलगा खाली मान घालूनच म्हणाला, "बाबा, त्या कपाटाचं बिजागर ढिलं झालंय. दार जरा उचललं की कुलूप असूनही निघतं. आलो त्याच दिवशी बघितलं मी. बसवून देऊ का?"

वडील पहिल्यांदा त्याच्याकडे वळले. "मग घेतलं का नाहीस काही?"

"घ्यायचं नव्हतं."

इतकी वर्षं मी ज्या विचारावर काम करतेय, तो त्या दोन शब्दांत होता. चूक कृत्याची धरावी, अख्ख्या माणसावर शिक्का मारू नये. ज्याला घरचेच चोर म्हणतात, त्याला सुधारायचं कारण उरत नाही. चोरी केली हे मान्य करणाऱ्याला मात्र ती पुन्हा न करण्याची जबाबदारी घेता येते. अशी मुलं मी उभी राहताना पाहिली आहेत.

माया म्हणजे सूट नव्हे. त्या घरात ठरलं की मालकाचं नुकसान मुलगा कमाईतून हप्त्यानं भरेल. पैसे कमी वाटले तर थेट विचारायचं, टोमणा मारायचा नाही. चावी लगेच देऊन टाका, असं मी सांगितलं नाही. आधी भाजीचे पैसे, मग वीजबिल, असा विश्वास वाढवायचा. शेजारी विचारतील तेव्हा काय सांगायचं, हेही मुलाला विचारून ठरवा आणि सगळ्यांनी तेच सांगा. कामधंद्यासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प आहे. 1990 पासून तो मुंबईत कैद्यांसोबत आणि सुटून आलेल्यांसोबत काम करतो.

आणि सुटकेची तारीख जवळ आली असेल किंवा मुलगा संचित रजेवर (शिक्षा चालू असताना मिळणाऱ्या सुट्टीवर, म्हणजे फर्लोवर) येणार असेल, तर त्याच्या आधीच समुपदेशकाकडे या. पहिल्या आठवड्यात घरात जे बोललं जातं ते फार काळ लक्षात राहतं.