बांधकाम सुपरव्हिजनमध्ये करिअर करायचंय, शिकायचं कुठे? वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती आहेत, बांधकामात मजुरी किंवा नुसत्या हजेरीच्या पुढे जाऊन साइट सांभाळायची तर ट्रेनिंग कुठलं घ्यायचं.

प्रश्न : मुलाला दहावीला 71 टक्के पडलेत. एक खासगी संस्था एका वर्षात कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचा डिप्लोमा देते, फी सव्वा लाख. पॉलिटेक्निकला तीन वर्षं जाणार. काय करू? (एक पालक, बार्शी)

तीन वर्षं जाऊ द्या, सव्वा लाख भरू नका. ज्याला अजून फुटिंगवरून, म्हणजे पायावरून, कॉलम कसा उचलतात माहीत नाही त्याला वर्षभरात मॅनेजमेंट काय शिकवणार? संस्थेत जाऊन एकच विचारा, की या कोर्सला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यता आणि एमएसबीटीईची (राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ) परीक्षा आहे का. आयएसओ सर्टिफाइड आहोत असं उत्तर आलं तर सरळ घरी या, आयएसओ म्हणजे कोर्सची मान्यता नव्हे. सिव्हिलचा तीन वर्षांचा डिप्लोमा असला की पीडब्ल्यूडीच्या कनिष्ठ अभियंत्याच्या जाहिरातीत अर्ज भरता येतो आणि पुढे वाटलं तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्या सव्वा लाखाच्या कागदावर यातलं काहीच मिळत नाही.

डिप्लोमाला नंबर लागला नाही तर आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल किंवा सर्व्हेअर बघा, दोन्ही दोन वर्षांचे आहेत, आणि ते करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला येता येतं. सर्व्हेअरकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र हातात बसलेला पोरगा रस्ते, रेल्वे, मेट्रोच्या कामावर रिकामा राहत नाही.

प्रश्न : मी गवंडी आहे, वय 36, आठवी पास. पंधरा वर्षं प्लास्टर-वीटकाम केलं. माझ्यापेक्षा कमी कळणारी पोरं सुपरवायझर होतात. मला होता येईल का? (नांदेड, सध्या काम पुण्यात)

दादा, होता येईल, आणि तुमच्यासारखी माणसं सुपरवायझर व्हावीत असं मला मनापासून वाटतं, कारण ओळंबा न लावता भिंत किती बाहेर गेलीय हे तुम्हाला दिसतं आणि त्या पोराला दिसत नाही. तुमचं अडतंय ते तीन ठिकाणी : ड्रॉइंग वाचणं, हिशोब आणि लिहिणं.

आधी हातातल्या कौशल्याचा कागद करून घ्या. सरकारच्या कौशल्य योजनेत आरपीएल म्हणून सोय आहे, आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात, शाळा किती झाली यावर तिथे फार अडत नाही. पुण्यात क्रेडाई या बिल्डरांच्या संघटनेचा 'कुशल' उपक्रम साइटवरच ट्रेनिंग देत आलाय, तुमच्या बिल्डरच्या ऑफिसात त्याची चौकशी करा. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी नसेल तर तीही करा, गेल्या वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, मुलांच्या शिक्षणालासुद्धा त्यातून मदत मिळते.

आता हिशोबाचं. रोज संध्याकाळी साइट इंजिनिअरकडून बीमचं एक ड्रॉइंग मागून घ्या आणि त्यातलं स्टील काढायला शिका. सूत्र एकच पाठ करा : सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, भागिले 162, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. 12 एमएमची सळई घ्या, 144 भागिले 162, आले 0.889 किलो. म्हणजे 12 मीटरची अख्खी सळई साधारण 10.67 किलोची. आता ट्रक आला की सळया मोजा, गुणा आणि वजनकाट्याच्या पावतीशी ताडून बघा. 12 एमएमला वजनात 5 टक्के कमी-जास्त आयएस कोडमध्ये, म्हणजे भारतीय मानकात, चालतं, त्यापेक्षा फरक जास्त निघाला तर इंजिनिअरला दाखवा. हे दोन-चार वेळा केलंत की तुमच्याकडे बघायची नजर बदलते, मुकादमाचीही आणि मालकाचीही. जोडीला दोनशे पानी वही करा, तारीख, किती माणसं, किती काम, सिमेंटच्या किती बॅगा गेल्या. सुपरवायझरचं निम्मं काम तीच वही आहे.

प्रश्न : सिव्हिल डिप्लोमा झाला, तीन वर्षं साइटवर आहे. निकमारचा एमबीए करू, पीएमपी करू की प्रायमावेराचा क्लास लावू? (नाशिक)

निकमार चांगलीच संस्था आहे, 1983 पासून बांधकामाच्या विषयात आहे, पण तिथल्या रेग्युलर एमबीएला पदवी लागते, त्यामुळे तुझ्यासाठी आधी पदवी. पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट, त्याला प्रोजेक्ट लीड केल्याचा अनुभव दाखवावा लागतो आणि डिप्लोमावाल्याला पदवीवाल्यापेक्षा जास्त वर्षांचा, तेव्हा ते आत्ता नको. प्रायमावेरा हे कामाचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर, ते शिकायला हरकत नाही, पण मला सांग, तुझ्या साइटवर एका स्लॅबची सायकल, म्हणजे एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचं काम, किती दिवसांची आहे आणि गेल्या वेळी ती कशामुळे लांबली, हे तुला न बघता सांगता येतं का? सेंटरिंगचं मटेरियल कमी होतं, फिटर गावाला गेले की आरएमसी (प्लांटवरचं तयार काँक्रीट) उशिरा आली? हे माहीत नसताना सॉफ्टवेअरमध्ये भरलेल्या तारखा म्हणजे अंदाजपंचे.

माझं म्हणणं, पुढचं वर्षभर बिलिंगला बदली मागून घे. आरए बिल (झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल), बीबीएस (सळयांच्या कटिंग-बेंडिंगचा तक्ता), मोजमाप, सबकॉन्ट्रॅक्टरची वजावट, यात पैसा कुठून येतो आणि कुठे गळतो ते कळतं, आणि ज्याला एक्झिक्युशन व बिलिंग दोन्ही येतं त्यालाच पुढे प्रोजेक्ट देतात. क्वालिटीच्या नोंदींकडेही बघ, ताकद तपासायला काँक्रीटचे क्यूब 7 आणि 28 दिवसांना फोडतात हे सगळ्यांना पाठ असतं, पण कुठला क्यूब कुठल्या कॉलमचा हे रजिस्टरमध्ये नीट लिहिलेलं नसतं. रेरा कायद्यात ताब्यानंतर पाच वर्षं स्ट्रक्चरल दोषाची जबाबदारी बिल्डरवर आहे, त्यामुळे हे रजिस्टर ठेवणाऱ्याला आता किंमत आलीय.

प्रश्न : मुलींनी साइटवर जावं का? घरचे म्हणतात डिझाइन ऑफिसच बघ. (डिप्लोमा दुसरं वर्ष, कोल्हापूर)

जा. सुरुवातीची दोन वर्षं तरी साइट सोडू नकोस, नंतर डिझाइनला गेलीस तरी ती उपयोगी पडतील. इंटरव्ह्यूला साइटवर वेगळं टॉयलेट आहे का आणि रात्रीच्या काँक्रीटला परतायची गाडी असते का, हे स्पष्ट विचार, त्यात संकोच कसला. उत्तर टाळलं तर ती कंपनी टाळ.

प्रश्न : बीकॉम झालंय, वडिलांची छोटी ठेकेदारी आहे. आता कोणता कोर्स करावा? (सातारा)

पुन्हा तीन वर्षं कॉलेज करायची तयारी नसेल तर नको करूस, तुमच्याकडे साइट घरचीच आहे. क्वांटिटी आणि एस्टिमेशनचा एखादा प्रॅक्टिकल कोर्स कर, ऑटोकॅड निदान ड्रॉइंग उघडून मापं घेण्याइतकं शीक, आणि वडिलांच्या मागच्या एखाद्या पूर्ण झालेल्या कामाचा हिशोब बसून काढ : टेंडर भरताना किती धरलं होतं, प्रत्यक्षात मटेरियल-मजुरी किती गेली, जीएसटी आणि टीडीएस कुठे अडकला. तुझं कॉमर्स इथे कामाला येईल. वडिलांना तोंडी सगळं माहीत असेल, ते एक्सेलमध्ये आण, आणि पुढचं टेंडर भरताना त्यांच्या शेजारी बस.