रविवार झोपून जातो, तरी सोमवारी अंग जडच

प्रश्न : ताई नमस्कार. मी 33 वर्षांचा, फोंड्याजवळच्या गावात राहतो, वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्वालिटीचं डॉक्युमेंटेशन बघतो. सकाळी साडेसातला घर सोडतो, साडेआठ ते रात्री आठ ऑफिस, घरी यायला नऊ सव्वानऊ, असे सहा दिवस. ऑडिट जवळ आलं की रविवारी पण फोन चालू. आधी मी आमच्या भजनी मंडळात तबला वाजवायचो, जत्रेच्या नाटकाला पण साथ करायचो, आता दीड वर्ष तबल्याची खोळ काढलेली नाही. रात्री जेवून आडवा झालो की एक-दीड वाजेपर्यंत मोबाईल बघत बसतो कारण तेवढाच वेळ माझा वाटतो. रविवारी बारापर्यंत झोपतो तरी फ्रेश वाटत नाही. मुलगी चार वर्षांची आहे, बायको शाळेत शिकवते, घरचं सगळं तीच बघते. नोकरी सोडायची नाही, होम लोन आहे. काय करू?

उत्तर : तू माझ्यापेक्षा लहान आहेस म्हणून तू म्हणते. तुझं पत्र वाचून आधी मी बेरीज केली. रोज साडेअकरा तास, सहा दिवस, म्हणजे 69 तास, प्रवास वेगळाच. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्यानेच आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती. आणि 2021 साली जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं मिळून जे आकडे दिले त्यात 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 55 किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त आणि हृदयविकारानं मरण्याचा 17 टक्के जास्त दिसला. घाबरवायला नाही सांगत, पण तू लिहिलंयस त्यात कुठेतरी असा सूर आहे की मीच कमी पडतो, मलाच जमत नाही. तसं नाहीये रे, 69 तासात कोणाचंच जमत नाही.

आता मोबाईल. मला वाटतं तुझी खरी गाठ इथे आहे. विश्रांती वेगळी आणि विरंगुळा वेगळा, तू दोन्ही कापून त्या जागी मोबाईल ठेवलायस, आणि तो दोन्हीपैकी एकही नाही. दिवसभर स्क्रीन, मान खाली, बसून, आणि रात्री पुन्हा स्क्रीन, मान खाली, फक्त पडून! शरीराला फरक काय कळणार? एकला झोपून साडेसहाला उठलास तर साडेपाच तास होतात, मोठ्या माणसाला निदान सात लागतात, ती उधारी रविवारी बारापर्यंत झोपून फिटत नाही, उलट रविवारी उशिरा उठल्यामुळे रात्री झोप येत नाही आणि सोमवार मोडलेलाच सुरू होतो. रविवारी साडेसात आठला ऊठ, हवं तर दुपारी जेवून थोडा पड.

आणि तबला काढ. हे मी अगदी मनापासून सांगते. तुझा थकवा डोक्याचा आहे, हात तर दिवसभर कीबोर्डवरच आहेत, त्याला नुसतं पडून राहणं पुरत नाही, दुसऱ्या कशात तरी पूर्ण शिरावं लागतं. आठवड्यातला एक वार भजनाचा ठरव आणि ऑफिसात आत्ताच सांगून टाक की या वारी मी सहाला निघणार. कारण देत बसू नकोस, 'गावात भजन असतं' एवढं पुरे, गोव्यात हे न कळणारा साहेब मला अजून भेटायचाय. कला अकादमीच्या भजन स्पर्धेला उतरणाऱ्या मंडळांत दिवसभर ड्युटी करून तालमीला येणारे कितीतरी असतात, त्यांना वेळ मिळत नाही, ते तो काढून ठेवतात. बाकी पाच दिवस एकदम बदलायला जाऊ नकोस. साहेबांपुढे कामांची यादी ठेव आणि विचार की यातलं आज कुठलं हवं, उद्यावर कुठलं ढकलू. सगळंच आजच हवं असेल तर अजून एक माणूस लागेल, हे त्यांना यादी बघूनच कळू दे.

रविवारच्या फोनचं मात्र मला वाईट वाटलं. ही सुट्टी कोणी आपणहून दिलेली नाही, नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं भांडले तेव्हा 10 जून 1890 ला ती मिळाली, आणि रविवारच का तर तो खंडोबाचा वार. ऑडिटचे दोन आठवडे सोडले तर ऑफिसचा ग्रुप शनिवारी रात्री म्यूट करायचा.

एक राहिलं. बायको शाळेत शिकवते आणि घरचं सगळं बघते, हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलास. तिचा रविवार कुठाय? तू बारापर्यंत झोपतोस तेव्हा ती काय करत असते? रविवारची सकाळ मुलीला घेऊन तू बाहेर पड, दिवाडीच्या फेरीत बसवून आण, पोरांना फेरीबोट फार आवडते, आणि बायकोला घरात दोन तास एकटीला मिळू देत. तुझा भजनाचा वार आणि तिचे रविवारचे हे दोन तास, दोन्ही एकदाच बसून ठरवा.

प्रश्न : आमचं म्हापशात कपड्यांचं दुकान आहे. सासूबाई म्हणतात एक ते चार बंद ठेवायचं, मुलगा म्हणतो आता ऑनलाईनचा जमाना आहे, चालू ठेवूया. दुपारी झोपणं आळशीपणा का?

उत्तर : अजिबात नाही वहिनी. सकाळी नऊपासून उभ्या असता, आठला शटर पडतं, मधे पाठ टेकलीच पाहिजे. शुक्रवारी बाजार असतो तेव्हा ठेवा चालू, मुलाला बसवा. बाकी दिवस बंद. फक्त गजर लावून वीस-पंचवीस मिनिटंच डोळा लावा, तासभर झोपलात की डोकं जड होतं, आणि तीननंतर नको, रात्रीची झोप जाते. उरलेला वेळ पेपर वाचा, पाय वर करून बसा, पण हिशेबाची वही दुकानातच ठेवून या.