केसिंगला भोकं पाडण्याआधी

मे संपत आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो: केसिंगला, म्हणजे बोअरमध्ये उतरवलेल्या पाइपाला, भोकं. कोणी पुनर्भरणाचा (पावसाचं पाणी बोअरमध्ये उतरवायचा) खड्डा खणून ठेवलेला असतो, कोणाच्या शेतात बोअरची गाडी येऊन उभी असते. म्हणून यावेळी त्याच प्रश्नांची उत्तरं.

सळई तापवून पीव्हीसी केसिंगला भोकं पाडली तर चालेल का? (सिन्नर)

नाही. भोकाभोवतीचा पाइप वितळून वेडावाकडा होतो आणि पुढे चीर तिथूनच जाते.

पुनर्भरणाच्या खड्ड्यात केसिंगला केवढी भोकं पाडावीत? शेजाऱ्याने अर्ध्या इंचाची पाडलीत. तो म्हणतो, भोक मोठं तेवढं पाणी जास्त. (गंगापूर)

बोअरमध्ये किती पाणी उतरणार हे खड्ड्यातली वाळू ठरवते. मोठ्या भोकांतून जास्त जाईल तो गाळ. चार-पाच मिलिमीटरची भोकं, एकमेकांपासून पाच सेंटीमीटर अंतरावर, एका रांगेतलं भोक दुसऱ्या रांगेतल्या भोकासमोर येणार नाही अशी, आणि फक्त खड्ड्याच्या तळाकडच्या भागात पाडा. हिशेब केला तर पाइपाचा एक टक्काही पृष्ठभाग जात नाही, त्यामुळे ताकद टिकते. जोडाजवळ मात्र ड्रिल नेऊ नका.

आधी वीज तोडून मोटर बाहेर काढा. ड्रिल आरपार जाऊन केबलमध्ये घुसलेलं मी पाहिलं आहे. भोकांवर नायलॉनची जाळी गुंडाळा आणि पाइपालगतचे दगड हाताने रचा. जेसीबीने वरून दगड ओतले की चांगला पाइपही तडकतो. केसिंग लोखंडी आणि गंजलेलं असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय ड्रिल लावू नका.

त्याच बोअरचं पाणी घरात पितो. शेतातलं वाहतं पाणी खड्ड्यात सोडावं का? (गंगापूर, तेच वाचक)

सोडू नका. एरवी पाणी मातीतून गाळत गाळत खाली जातं, इथे तुम्ही त्याला थेट वाट करून देता. खत, फवारणी, शेण सगळं त्याच वाटेने उतरेल.

तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत १०० मीटरची ट्यूबवेल घ्यायची आहे. गाडीवाला म्हणतो, तयार जाळीचा पाइप (कारखान्यात झिऱ्या, म्हणजे अरुंद लांबट फटी, पाडलेला) महाग पडतो, साधा घ्या, आमची पोरं जागेवर ग्राइंडरने झिऱ्या मारतील. दुकानदार म्हणतो, पाइप सहा किलोचा आहे, काही होत नाही. (रावेर)

दोघंही तुमच्या पैशावर जुगार खेळत आहेत.

कातळात बोअर स्वतःच्या बळावर उभं राहतं, केसिंग वरच्या माती-मुरमापुरतं लागतं. तुमच्याकडे वरपासून तळापर्यंत सगळं पाइपावर पेललेलं असतं. पाइप दबला की ट्यूबवेल गेली, पुन्हा नवीन बोअर घ्यायचं.

‘सहा किलो’ म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला पाइप सोसेल तो आतला दाब. पाण्याच्या लाइनीचा पाइप आतून ताणला जातो, केसिंगला बाहेरून चिरडलं जाण्याचं भय असतं. बाहेरचा दाब सोसायला भिंतीची जाडी लागते. व्यास तोच ठेवून जाडी निम्मी केली तर ती ताकद साधारण आठव्या हिश्शावर येते. कॉम्प्रेसर लावून आतलं पाणी एकदम ३० मीटर खाली नेलं आणि बाहेरचं तिथंच राहिलं, तर दर चौरस सेंटीमीटरला ३ किलो भार बाहेरून येतो. पाइप आत बसतो तो अशा वेळी. केसिंगच्या पाइपासाठी आयएस १२८१८ हे वेगळं मानक आहे: ८० मीटर खोलीपर्यंत सीएस प्रकारचा पाइप, त्यापुढे २५० मीटरपर्यंत सीएम. तुम्हाला सीएम लागेल. पाइपावरचा छाप स्वतः वाचा, बिलावर लिहून घ्या.

आता ग्राइंडर. कारखान्यात झिऱ्या आडव्या, एकाच रुंदीच्या पडतात आणि दोन ओळींमध्ये उभी पट्टी अखंड राहते. खाली लोंबणाऱ्या पाइपांचं वजन त्या पट्ट्याच पेलतात. पोरं घाईत पाइप फिरवत कापतात, झिरी कुठे लांबते, कुठे दोन झिऱ्या भिडतात आणि पट्टी संपते. वर रुंदी कमीजास्त, म्हणजे वाळू आत.

एवढं कापायची गरजही नसते. दीड मिलिमीटर रुंद, ५ सेंटीमीटर लांब झिऱ्यांच्या चार ओळी, सेंटीमीटरला एक झिरी, असं धरलं तर मीटरभर पाइपाला ३०० चौरस सेंटीमीटर वाट मिळते. निम्मी वाट ग्रॅव्हलने (पाइपाभोवती भरलेल्या बारीक खडीने) अडली आणि पाणी सेकंदाला ३ सेंटीमीटर या संथ वेगाने आत आलं, तरी ६ मीटर जाळीतून तासाला साडेनऊ हजार लिटरहून अधिक पाणी येऊ शकतं, थरात तेवढं असेल तर. यात सात इंची पाइपाचा जेमतेम पाच टक्के पृष्ठभाग कापला जातो.

झिरीची रुंदी मी इथून सांगणार नाही. ती ग्रॅव्हलवरून ठरते आणि ग्रॅव्हल तुमच्या थरातल्या वाळूवरून. दर तीन मीटरला निघालेल्या मातीचा नमुना ओळीने मांडून ठेवा आणि पाइप उतरवण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या भूवैज्ञानिकांना दाखवा. गाडीवाला थांबत नसेल तर गाडी बदला.

सगळ्या थरांचं पाणी मिळावं म्हणून वरपासून खालपर्यंत जाळीचाच पाइप टाकू का? (अकोट)

खारपाणपट्ट्यात हे अजिबात करू नका. एक खारा थर उघडा राहिला तर गोडं पाणीही हातचं जाईल. आधी विद्युत लॉगिंग, म्हणजे बोअरमध्ये विजेचं उपकरण सोडून कोणता थर खारा ते पाहणं, करून घ्या. खाऱ्या थरासमोर बिनझिरीचा पाइप टाका आणि त्याच्या बाहेरची फटही बुजवून घ्या.

आठ महिने वाळू येत होती, आता मोटर अडकली. ट्रॅक्टरने ओढू का? (यावल)

ओढू नका. आठ महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं. एवढी वाळू उपसल्यावर पाइपाबाहेर पोकळी झालेली असू शकते आणि ओढाताणीत जाळीचा पाइप तुटेल. आधी बोअरमध्ये कॅमेरा सोडून पाइप कुठे दबला आहे ते पाहून घ्या. तोवर बोअरच्या तोंडाजवळ ट्रॅक्टरही उभा करू नका.