आधी दोनच सिलिंडर जोड

छोट्या मॉडेल इंजिनांचे भाग जोडून चार सिलिंडरचं इंजिन बनवायचं तुझं स्वप्न सध्या बाजूला ठेव, आधी दोनच जोड. कॉक्स ०४९चे, म्हणजे मॉडेल विमानाच्या साधारण ०.८ सीसीच्या चिमुकल्या इंजिनाचे भाग घेणार असशील तर ज्याचा पिस्टन त्याच्याच सिलिंडरमध्ये राहू दे. ते जोडीनेच जुळवलेले असतात.

खरी गोम क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यात आहे. हे टू-स्ट्रोक इंजिन, इंधन-हवेचं मिश्रण आधी खाली या कप्प्यातच दाबलं जातं. एकाच कप्प्यात एक पिस्टन वर, दुसरा खाली ठेवलास तर आतली जागा जवळजवळ बदलतच नाही, मग मिश्रण वर ढकलणार कोण? म्हणून समोरासमोर, दोन्ही एकदम बाहेर जाणारे ठेव, नाहीतर प्रत्येकाला वेगळा हवाबंद कप्पा दे. मी हेच चुकलो होतो. आठवडाभर प्रोपेलर फिरवून बोटं सोलून घेतली.

आणि हो, इंधनातलं एरंडेल तेल कमी करू नकोस.