उन्हाळ्यात लाइटचं बिल दुप्पट येतं, फारसा खर्च न करता ते कमी कसं करावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की घरावर स्लॅब आहे, दोन कूलर आहेत आणि मे महिन्याचं बिल पाहून घाम फुटतो. मी अकोला जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, इथंही घरोघरी हेच रडगाणं आहे. कूलर कमी लावा, असं मी सांगणार नाही. बाहेर 45 अंश असताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना उकाड्यात ठेवून पैसे वाचवू नयेत. घरच कमी तापेल असं करा, मग कूलर कमी चालवूनही भागतं.

सुरुवात छतापासून. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता खाली खोलीत सोडतो. म्हणून मध्यरात्र उलटली तरी कूलर फुल स्पीडवर ठेवावा लागतो. होळीच्या आसपास स्लॅब स्वच्छ झाडून चुन्याचे दोन हात मारा. चुन्यात थोडा फेविकॉल कालवला तर तो लवकर निघत नाही. पावसाळ्यात धुऊन गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा मारायचा, खर्च फार नाही. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतर ऊन थेट येतं. तिथं तुराट्यांचा कुड उभा करा किंवा हिरवी नेट बांधा.

आता कूलर. तो खिडकीत बाहेरच्या बाजूला हवा, म्हणजे बाहेरची कोरडी हवा ओढेल. खोलीत ठेवला तर तीच ती दमट हवा फिरत राहते, अंग चिकट होतं आणि आपण स्पीड वाढवत बसतो. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजे. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणी खारं आहे अशा भागातल्या लोकांनी एक गोष्ट जास्त पाळावी: खाऱ्या पाण्याचे क्षार कूलरच्या ताट्यांवर (बाजूच्या गवताच्या पॅडवर) जमतात, हवा अडते. टाकीतलं पाणी अधूनमधून पूर्ण बदला आणि ताट्या कडक झाल्या की नव्या लावा. पावसाळी दमट हवेत कूलरचं पाणी बंद ठेवून नुसता पंखाच बरा.

हिशेब असा. 200 वॅटचा कूलर रोज 12 तास चालला तर महिन्याला 72 युनिट होतात, दोन असतील तर 144. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या 100 युनिटांपेक्षा 101 ते 300 मधलं युनिट जवळपास दुपटीनं महाग पडतं. पण 100 ओलांडले की सगळं बिल वरच्या दरानं लागतं, हा गैरसमज आहे. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना. त्यामुळं तुम्ही वाचवलेलं प्रत्येक युनिट आधी त्या महागड्या भागातून कमी होतं. बिलावर रीडिंगऐवजी सरासरी युनिट लावलेत का, तेही दर महिन्याला बघत जा.

हिवाळ्यात असेच युनिट पाणी तापवण्यात जातात. एक बादली पाणी रॉडनं तापवायला साधारण अर्धं युनिट लागतं. पाच जणांच्या घरात महिन्याला 75 युनिट झाले, म्हणजे एका कूलरएवढेच! शेतात पऱ्हाट्या, तुराट्या पडून असतील तर बंब पेटवा. बंब मात्र अंगणात ठेवा, धूर घरात नको.

नवं काही घ्यायचंच झालं तर आधी दिवसरात्र चालणारा पंखा बदला. जुना 75 वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, 30 च्या आसपास. रोज 15 तास चालला तर महिन्याला 20 युनिट वाचतात. छतावरच्या सोलरला पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे. पण वर्षभर तुमचे युनिट शंभरच्या आतबाहेर असतील तर त्याची घाई करू नका. आधी चुना आणि ताट्या करून बघा, मग पुढच्या मे महिन्याचे युनिट यंदाच्या बिलाशी ताडून सोलर किती किलोवॅटचं लागेल ते ठरवा.